पंतांच्या मोटारीतली टकटक

बैलगाडीतून मुंजीला जायचं नाही असं दिनानाथपंतांनी ठरवलं, आणि तिथेच सगळं बिनसलं.

मुंज होती केसरबाईंच्या भाच्याची, त्यांच्या माहेरी, बोर्ली पंचतनला. श्रीवर्धनहून माणसं तिकडे बैलगाडीने निवांत जात होती. पण पंतांनी नुकतीच मुंबईहून एक मोटार आणली होती. (नुकतीच म्हणजे पंतांकडे नुकतीच, त्याआधी ती तीन मालकांना पुरून उरली होती.) मोटार पाहायला आलेला मेहुणा हरेश्वर एवढंच म्हणाला, "भावोजी, मुंजीला हिच्यातून जरूर या. बैल तेवढे बरोबर आणा."

हे केसरबाईंच्या जिव्हारी लागलं. "आता मी माहेरच्या दारात मोटारीतूनच उतरणार," त्यांनी सांगून टाकलं. त्यावर बोलायची पंतांची काय बिशाद!

मुंजीच्या आदल्या दिवशी पंतांनी मोटार समुद्रापर्यंत नेऊन पाहायचं ठरवलं. उकाडा असा की अंगात नुसती बंडी. मोटार धावायला लागते न लागते तोच आवाज आला. टक. टकटक. टक. थांबवली तर आवाज थांबला. चालवली की पुन्हा टकटक. पंतांनी उतरून चारही चाकांखाली वाकून पाहिलं. (पोट मोठं असल्यामुळे दिसलं काहीच नाही.)

लगेच करमअलीला बोलावणं गेलं. करमअलीने आगबोटीच्या इंजिनात कोळसा घालण्यात उमर घालवली होती, त्यामुळे इंजिन या विषयावर त्याच्यापुढे तोंड उघडायची गावात कोणाची छाती नव्हती.

"पंतांनू, बॉयलर कुठं हाय?"

"अरे, मोटारीला बॉयलर नसतो."

"मंग दुखनं तिथंच हाय," करमअली म्हणाला.

पंतांकडून चालवायचं कसं ते विचारून घेऊन तो स्वतः मोटारीत बसला आणि सुपारीच्या बागेला एक फेरी मारून आला. आवाज नाही. पंत बसले. टकटक! पुन्हा करमअली बसला. मोटार गरीब गाईसारखी गुमान चालली.

"हिला तुमची धास्ती हाय, पंतांनू. वजनाची."

हा अपमान पंतांना गिळता येईना. "उघड इंजिन!" ते गरजले.

इंजिन उघडलं. एकेक भाग घासलेटाने पुसून केसरबाईंच्या वाळवणाच्या चटईवर, पापडांच्या शेजारी मांडला गेला. एरवी केसरबाईंनी दोघांनाही उन्हात वाळत घातलं असतं. पण माहेरची गोष्ट होती, म्हणून त्यांनी नुसते पापड बाजूला सरकवले. मुंजीला न्यायचे लाडू डब्यात भरायचे म्हणून त्यांनी फडताळाची चावी तेवढी मागितली. पंतांनी जानव्याला बांधलेली चावी सोडून दिली.

"अहो, लाडू निम्मेच कसे?"

"उंदीर," पंत इंजिनात डोकं घालून म्हणाले. "फार माजलेत हल्ली."

केसरबाईंनी नवऱ्याकडे एकवार पाहिलं, डबा भरला आणि चावी परत केली. पंतांनी ती तत्परतेने जानव्याला बांधली.

दिवेलागणीपर्यंत इंजिनात जितकं परत बसलं तितकं बसलं. उरलेलं करमअलीने पोत्यात भरलं.

"हे उरलं कसं रे?"

"आगबोटीत बी उरायचं. तरी ती तरायची."

पंतांनी हँडल मारमार मारलं. मोटार हूं की चूं करीना.

"बघा पंतांनू," करमअली समाधानाने म्हणाला, "आवाज गेला."

सकाळी केसरबाई पैठणी नेसून मोटारीत जाऊन बसल्या. "मोटारीतून म्हणजे मोटारीतूनच," एवढंच बोलल्या. तेव्हा शेवटी नामा गाडीवानाने मोटारीला पुढून दोर लावला आणि दोराला बैल. पंतांनी कोट चुरगळू नये म्हणून मागच्या सीटवर पोत्याजवळ घडी करून ठेवला, आणि ते बंडीवरच स्टिअरिंगला पोट टेकवून बसले. गावातून जाताना त्यांनी मान वर केली नाही.

गाव मागे पडलं. खडबडीत रस्ता लागला. आणि –

टक. टकटक. टक.

पंत ओरडले, "नामा, थांब!" बैल थांबले, आवाज थांबला. बैल निघाले, टकटक! "अगं, इंजिन बंद आहे! अर्धं तर पोत्यात आहे! मग हे वाजतंय काय? मोटार झपाटलेली आहे, केसर, झपाटलेली!"

"अहो, खाली बघा."

पंतांनी पाहिलं. बंडीतून जानवं बाहेर आलं होतं, आणि प्रत्येक गचक्याला फडताळाची चावी स्टिअरिंगच्या लोखंडी दांड्यावर आपटत होती.

"तुला माहीत होतं? मग काल बोलली का नाहीस?"

"मला वाटलं, तुम्ही दुसरा कुठला आवाज शोधताय. हा तर माझ्या रोजच्या कानातला. दुपारी माझा डोळा लागला असं समजून तुम्ही फडताळ उघडायला वाकलात की दारावर हाच वाजतो." केसरबाईंनी पदर सारखा केला. "आपल्या घरातल्या उंदरांची मुंज कधी हो झाली?"

पंतांनी चावी सोडून त्यांच्या हातावर ठेवली. त्यानंतर बोर्लीपर्यंत मोटारीने आवाज म्हणून केला नाही. पंतांनीही नाही.

हरेश्वर मांडवाच्या दारातच उभा होता. त्याने आधी बैल पाहिले, मग मोटार, मग बंडीतले भावोजी. केसरबाई मात्र ठरल्याप्रमाणे मोटारीतून, अगदी रुबाबात उतरल्या.

"काय भावोजी, एवढी विलायती मोटार! इंजिनात निघालं तरी काय?"

पंत काहीतरी इंग्रजी शब्द आठवू लागले. तेवढ्यात केसरबाईंनी भावाच्या हातात तो हलका डबा दिला.

"लाडू निघाले," त्या म्हणाल्या. "उरलेत ते हे घे."