तीन तक्ते आणि एक शनिवार

समावेश समितीचे एक सदस्य सलग तिसऱ्या सभेला गैरहजर राहिले, तेव्हा तक्तेसाहेबांनी त्यांचे सदस्यत्व रद्द करण्याचे पत्र नियमानुसार टाईप केले आणि ते हातोहात देण्यासाठी मैदानावर उतरले. राष्ट्रीय फुटबॉल महासंघाचे ते वेळापत्रक अधिकारी. तंत्रनिकेतनातून बाहेर पडल्यापासून त्यांनी पट्टीशिवाय एकही रेघ मारली नव्हती. ट्रेसिंग कागदावरच्या त्यांच्या तक्त्यांनी कार्यालयाची भिंत अशी व्यापली होती, की त्यांचे खरे आडनाव पगारपत्रकापुरतेच उरले होते.

गैरहजर सदस्य म्हणजे मैदानावर चुन्याच्या रेषा आखणारे काका. धार्मिक अल्पसंख्याकांना खेळात स्थान मिळावे म्हणून महासंघाने समिती नेमली, तेव्हा साऱ्या कार्यालयात तसे ते एकटेच सापडले होते.

काका पेनल्टीच्या ठिपक्यापाशी उकिडवे बसले होते. त्यांनी पत्र दोनदा वाचले.

"तिन्ही सभा शनिवारी होत्या, साहेब."

"सभागृह शनिवारीच रिकामं असतं."

"शनिवार आमच्या धर्मात विसाव्याचा. प्रार्थनेखेरीज आम्ही काही करत नाही. तसं कळवलंही होतं मी."

"ते आवक नोंदवहीत आहे."

"तुमच्या तक्त्यातही आहे. माझ्या नावापुढे दर शनिवारी फुली. बावीस वर्षं."

"तो मैदानाचा तक्ता. सभांचा वेगळा."

"आणि निवड चाचणीचा?"

"तो तिसरा."

काकांनी चुन्याची बादली बाजूला सरकवली. "तीही शनिवारीच ठेवलीत. माझी लेक गोलरक्षक आहे. दोन वर्षं शनिवारपायी घरी बसली. यंदा बसली की वयातून बाद. समितीत मी तेवढंच सांगणार होतो."

तक्तेसाहेब पत्र न देताच परतले. त्यांनी तिन्ही तक्ते भिंतीवरून उतरवले, एकावर एक ठेवले आणि खिडकीच्या उजेडात धरले. काकांची फुली, समितीची सभा आणि निवड चाचणी एकाच चौकोनात तंतोतंत बसली होती. आखणीत तसूभरही दोष नव्हता. मग त्यांनी समितीची नियमावली पहिल्या कलमापासून वाचायला घेतली आणि तासाभराने सचिवांच्या खोलीत गेले.

"साहेब, थोडी चूक झाली आहे."

"किती थोडी?"

"अल्पसंख्याक सदस्य हजर नसेल, तर समितीचा ठराव ग्राह्य नाही. तिन्ही सभा बाद."

"मग त्यांना काढा, दुसरा नेमू."

"काढायला ठराव लागतो. आणि त्या सभेला ते हजर हवेत."

सचिवांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "अजून काही?"

"चाचणीची तारीख तिसऱ्या सभेत मंजूर झाली होती."

"तीही गेली?"

"गेली."

"कुणी लिहिली ही नियमावली?"

"खाली आपली सही आहे."

नवी सभा गुरुवारी ठेवली, पण त्या दिवशी सभागृह रिकामे नव्हते. काकांचे कामही अर्ध्यावर होते. त्यामुळे समितीच्या पाच खुर्च्या पेनल्टीच्या ठिपक्याभोवती मांडाव्या लागल्या. काकांनी एकच मुद्दा मांडला. "चाचणी रविवारी घ्या."

"रविवारी?" सचिव म्हणाले. "अहो, सुट्टीच्या दिवशी कोण येणार?"

"मी येतो. बावीस वर्षं रविवारी हे मैदान मीच आखतोय."

चाचणी रविवारी, आणि समितीची पुढची सभाही तेव्हाच मैदानावर, असे ठरले. सचिवांचा हात सर्वांत शेवटी वर गेला.

रविवारी पहिलाच चेंडू लेकीच्या हातातून निसटून जाळ्यात गेला. काकांनी मान फिरवली आणि आधीच सरळ असलेली रेघ पुन्हा आखायला घेतली. पुढचे सहा चेंडू तिने अडवले. सहावा तर आडवी झेपावून, बोटांच्या टोकांनी. निवडकर्त्याने तिच्या नावापुढे तांबड्या पेन्सिलीने खूण केली. ती खूण तक्तेसाहेबांनी दुरूनच दोनदा तपासली आणि काकांना मान हलवून कळवली.

काका हात पुसत आले. त्यांनी तक्तेसाहेबांच्या हातातल्या सभेच्या हजेरीपत्रकात डोकावून पाहिले.

"सचिवसाहेब नाही आले?"

"घरी पाहुणे आहेत म्हणे."

"असू दे," काका समजुतीने म्हणाले. "पहिलीच वेळ आहे. अजून दोनदा होईपर्यंत पत्र टाईप करू नका."