दुधाच्या कमानीचे जनक

गरज ही शोधाची जननी आहे, हे सर्वमान्य आहे. परंतु कायद्याचे नुसत्या जननीवर भागत नाही. त्याला बापाचे नाव लागते, तेही तीन प्रतींत.

हे ठाऊक नसल्यामुळे चौकाजवळच्या घड्याळजींनी आधी शोधच लावला. बायकोचे दूध रोज उतू जाई आणि खापर घड्याळजींवर फुटे (ते चहाची वाट पाहत शेजारीच बसलेले असत). वैतागून त्यांनी जुन्या स्प्रिंगच्या तारेची एक कमान वळली. पातेल्याच्या काठावर ती अडकवली, की वर चढणारा फेस तारेला लागून फुटे आणि दूध गुमान खाली बसे. आपल्यामागे आपल्या नावाचे काहीतरी राहील, असे घड्याळजींना आयुष्यात पहिल्यांदाच वाटले.

त्या आनंदात त्यांच्या हातून अक्षम्य चूक घडली. त्यांनी कमान लोकांना दाखवली. मागेल त्याला करून दिली. बायकोने तर न मागणाऱ्यांनाही दिली. वर्षभरात गल्लीत कमान नसलेले एकच घर उरले, आणि त्या घरात दूध कोणाला पचत नव्हते. भाच्या-पुतण्यांच्या सामानातून ती परगावीही गेली.

कमान आपल्या नावावर करून घ्यायला घड्याळजी गेले, तेव्हा पेटंटच्या वकिलांनी हे ऐकून कपाळाला हात लावला.

"काका, शोध नवा लागतो. म्हणजे अर्जाआधी तो कोणालाच माहीत नको."

"अहो, चांगला आहे म्हणून तर सगळ्यांना माहीत आहे!"

"तीच तर अडचण आहे."

कायद्याचे म्हणणे रास्तच आहे. लोकांच्या कामी आला तो शोध जुना. कोणाच्याच कामी आला नाही तो कोराकरकरीत. मोठ्या कंपन्यांना हे केव्हाच उमगले आहे. त्यांच्याकडे शोध लावणारे दोन खोल्यांत बसतात आणि अर्ज लिहिणारे चार मजल्यांवर. अशाच एका भांडी बनवणाऱ्या कंपनीने 'उष्णताप्रेरित ऊर्ध्वगामी द्रवफेसाचे पात्रसीमेवर वेळीच समुपदेशन करणारी लवचिक धातुरचना' या नावाने अर्ज केला. सोबत दावे एकशे बारा. (चौतिसाव्या दाव्यानुसार पातेल्यात दूध नसले, तरी हक्क कंपनीचाच.) पेटंट कचेरीतल्या तपासनीसांनी जगभरचे दप्तर धुंडाळले, असे नाव कुठेही आढळले नाही. सबब शोध नवा ठरला. खुद्द तपासनीसांच्या घरी ती कमान होती, पण तिला घरात 'ती तार' म्हणत.

सुधारित कायद्याने सामान्य माणसाची मात्र फार काळजी घेतली आहे. पूर्वी त्याची हरकत फेटाळायला सात वर्षे लागत. आता ती सात महिन्यांत फेटाळता येते.

"तुम्हाला पेटंट मिळणार नाही," वकील म्हणाले, "पण त्यांचं रद्द होऊ शकतं. अर्जाच्या आधीपासून आम्ही ही कमान वापरतोय, असं सहीनिशी सांगणारा एक माणूस आणा. घरचा नको."

एकच! घड्याळजींना हसूच आले. त्यांनी गल्ली उजवीकडून धरली.

शिंपी म्हणाला, "घड्याळजी, तुमच्यासाठी जीव देईन, पण सही नका मागू." निवृत्त मास्तर खरे बोलायला तयार होते, फक्त ते लेखी नको होते. समोरच्या वहिनींचा जावई कंपनीत चिकटण्याच्या बेतात होता. कोपऱ्यावरच्या दुकानदाराने कंपनीची खोक्यातली कमान दाखवून कौतुकाने विचारले, "तुमचीपण अश्शीच होती ना हो?" दूध न पचणारे घर तेवढे सहीला एका पायावर तयार होते, पण त्यांनी कमान वापरलीच नव्हती.

घड्याळजी कोरा कागद घेऊन घरी आले. घरी कंपनीची नोटीस येऊन पडली होती: यापुढे परवानगीविना कमान वळू नये. त्यांना स्वतःच्या हातांचीच लाज वाटली.

"अहो, रडताय काय असे?" बायको म्हणाली आणि स्वतःच रडू लागली.

वाचकहो, तुमचे रक्त उसळले असेल, आणि ते योग्यच आहे. सुदैवाने हरकतीची मुदत अजून संपलेली नाही. साक्षीदार त्याच गल्लीतला हवा, अशीही अट नाही. तुमच्या ओट्यावरची ती तार कोणी दिली होती, जरा आठवून पाहा. नाव, पत्ता, सही, बस्स.

छे, छे, घाई नाही. घरात विचारून कळवा.