तेराशेवीसात एक

इमारतीत बारा कुटुंबं होती आणि गाड्या लावायला बारा जागा. त्यांपैकी तीनच लिफ्टला लागून, सावलीत. भांडणं नकोत म्हणून समितीने सोडत काढली. पारदर्शकतेसाठी बरणी काचेची घेण्यात आली आणि खजिनदारांनी चिठ्ठ्या डोळे उघडे ठेवून काढल्या. पहिलं नाव अध्यक्षांचं निघालं, दुसरं सचिवांचं, तिसरं खुद्द खजिनदारांचं. टाळ्या झाल्या.

अकरावं नाव गणिताच्या बाईंचं होतं. त्यांच्या सासूबाई वॉकर धरून चालत, आणि अकराव्या जागेपासून लिफ्टपर्यंत सगळा चढ. बाई उठल्या.

सचिवांची तयारी होती. निव्वळ योगायोग, वहिनी, ते म्हणाले. बारांतून तिघं निवडण्याचे दोनशेवीस प्रकार, त्यातला एक आमच्या वाट्याला आला. बाईंनी नम्रपणे दुरुस्ती सुचवली. कोण आलं एवढंच नव्हे, कोणामागून कोण आलं हेही इथे मोजायला हवं. पहिल्या जागेसाठी बारा नावं, दुसरीसाठी उरलेली अकरा, तिसरीसाठी दहा, गुणाकार तेराशेवीस.

"नेमकं पदांच्या क्रमानेच नावं निघण्याची शक्यता तेराशेवीसात एक," त्या म्हणाल्या.

अध्यक्ष भारावले. "म्हणजे आपण समजत होतो त्याच्या सहापट नशीबवान निघालो. इतिवृत्तात घ्या हे."

बाईंनी फेरसोडत मागितली. त्यासाठी बहुमत हवं होतं. लबाडी झाली हे चौथ्यांना मान्य होतं. पण त्यांची स्वतःची चिठ्ठी तर प्रामाणिकपणे निघाली होती, ती का गमवायची? पाचव्यांचंही तेच म्हणणं पडलं. सहाव्यांनी सातव्यांकडे पाहिलं आणि त्यांना आपली जागा एकदम बरी वाटू लागली. सातव्यांनी आठव्यांकडे पाहिलं. असं करत समाधान दहाव्यांपर्यंत पोचलं.

उरले बारावे, थेट पाण्याच्या टाकीमागचे. ते बाईंच्या कानाशी वाकून म्हणाले, "तुमचं शंभर टक्के खरं आहे हो. पण माझ्याकडे गाडीच नाही. उगाच वाईटपणा कशाला घ्या?"

हात एकच वर राहिला. मागच्या खुर्चीतून सासूबाईंनी सुनेचा पदर ओढला. "बस खाली. गणित सगळ्यांना येतं इथे."

निकाल कायम झाला. वरील गुणाकाराबद्दल वाचकांपैकी कोणाला आक्षेप असल्यास जरूर कळवावा. फक्त सोबत आपली जागा कितवी, तेवढं सांगावं.