वाटणीतला व्हीसीआर

आमचे घरमालक काशीशेठ यांच्याकडे एक व्हीसीआर आहे आणि कॅसेट एकही नाही. तरीही दर शनिवारी सकाळी ते त्याच्यावरचे भरतकामाचे आच्छादन काढतात, स्पिरिटात भिजवलेल्या कोऱ्या कागदाने त्याचे हेड पुसतात, बटण दाबतात, आणि टीव्हीचा पडदा निळा झाला की त्याला नमस्कार करून आच्छादन पुन्हा घालतात. "मशीन एकदम रेडी," एवढेच म्हणतात. कशासाठी रेडी, हे आमच्या बोनकोडे गावात कोणी विचारत नाही. सगळ्यांना ते ठाऊक आहे.

कॅसेटी वरच्या मजल्यावर आहेत.

वरच्या मजल्यावर त्यांचे थोरले बंधू हिराजीशेठ राहतात. सरकारने घेतलेल्या शेतीच्या बदल्यात मिळालेल्या भूखंडावर दोघांनी मिळून ही इमारत बांधली, आणि बांधून होताच ते वेगळे झाले. भांडण जिन्याखालच्या जागेवरून झाले असे दोघेही सांगतात. त्यांचे एकमत असलेली तेवढी एकच गोष्ट. वाटणीला बसलेल्या पंचांनी हंडे, पलंग, कपाटे समसमान वाटली. व्हीसीआरपाशी मात्र ते अडले. यंत्र एक आणि भाऊ दोन. अखेर यंत्र धाकट्याला मिळाले आणि कॅसेटींची पेटी थोरल्याला. न्याय इतका चोख झाला की त्या दिवसापासून दोघांपैकी कोणालाही काही पाहता आलेले नाही.

मी तिसऱ्या मजल्यावरचा भाडेकरू. दोघांच्याही घरी चहा पितो आणि एकाचे दुसऱ्याला सांगत नाही. या गुणाला मी बरीच वर्षे सभ्यपणा समजत आलो. हल्ली तितकी खात्री वाटत नाही.

गेल्या महिन्यात काशीशेठच्या मुलाने नवा, ऐसपैस टीव्ही आणला. बसवायला आलेल्या माणसाला काशीशेठनी भिंतीला भोक पाडू दिले नाही. "मागं हात गेला पायजे," हा त्यांचा एकच हेका. टीव्ही टेबलावर राहिला. मात्र मागे हात घातला तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. व्हीसीआरच्या पिवळ्या, पांढऱ्या, लाल पिनांना बसायला तिथे जागाच नव्हती.

त्यांची सून रूपाली स्पष्टवक्ती आहे. "बाबा, एक तर ते चालवून दाखवा, नाहीतर रविवारी भंगारवाला येतोय. उगाच जागा अडवून बसलंय."

"अगं, पडदा निला व्हायचा ना त्याच्यावर!"

"निळं बघायला खिडकी आहे ना, बाबा."

त्या संध्याकाळी काशीशेठ जिना चढून माझ्याकडे आले. हे सोपे नव्हते, कारण वाटेत भावाचे दार लागते आणि ते ओलांडताना त्यांना भिंतीकडे तोंड करावे लागते. "सर, तुमी इंग्रजी पुस्तकं वाचता. ह्याचा कायतरी करा."

मी सीवूड्सला जाऊन एका दुकानातून काडेपेटीपेक्षा थोडी मोठी अशी डबी आणली. "जुन्याचं नव्याशी लग्न लावते ही," दुकानदार म्हणाला. शनिवारी संध्याकाळी आम्ही ती जोडली. पडदा निळा झाला. काशीशेठनी हात जोडले.

"हं, आणि पुढे?" स्वयंपाकघरातून रूपालीने विचारले.

"शेठ, आता कॅसेट लागेल," मी हळूच म्हणालो.

"कॅसेट हाय कटं?"

"वर आहे."

"वरचं नाव नको." ते बराच वेळ वायरीचा गुंता सोडवत बसले. मग खाली मान घालूनच म्हणाले, "पन मशीन भंगारात गेला तं दादूसनी कॅसेटा लावायच्या कटं, तुमीच सांगा. त्याच्याकरं मशीन नाय."

थोरल्या भावाला आगरी माणूस दादूस म्हणतो. काशीशेठच्या तोंडून हा शब्द मी प्रथमच ऐकत होतो. यंत्र ते स्वतःसाठी राखत आहेत, या माझ्या समजुतीची मला लाज वाटली. मी उठून वर गेलो.

हिराजीशेठनी माझे म्हणणे ऐकून घेतले आणि ते खवळले. "कॅसेट तुमच्या हातात देऊ? इतकी वरसं बुरशी पुसतंय मी कापसानं! आनि त्याचा मशीन फीत गिलतोय का काय, कोनला ठाव? मी सोता येतंय." इस्त्रीचा सदरा घालून, एक कॅसेट छातीशी धरून ते खाली आले आणि सोफ्याच्या अगदी कडेला बसले.

"सर, त्याला सांगा, फीत सैल हाय. आधी बोटानं फिरव."

"सर, त्याला सांगा, मना शिकवू नको," टीव्हीमागून उत्तर आले.

कॅसेट आत गेली. पडद्यावर नुसत्या मुंग्या.

"आयलं का?" काशीशेठनी मागून विचारले.

पूर्वी गावातल्या हळदींना हे दोघे सिनेमे दाखवायला व्हीसीआर घेऊन जात. धाकटा वायरीत, थोरला पडद्यासमोर, चित्र आले का ते सांगायला. आताचा प्रश्न मात्र मला होता, आणि उत्तर माझ्या ओठांवर आले होते. मी चष्मा काढला व तो पुसत राहिलो. रूपाली बाहेर आली, बोलणार तोच मी नकारार्थी मान हलवली.

"सर, आयलं का?"

हिराजीशेठनी माझ्याकडे पाहिले, रूपालीकडे पाहिले, घसा साफ केला.

"मुंग्या येतात," ते छताला म्हणाले. आणि मग, "पिवली पिन दाब, काशा."

टीव्हीमागे पिन खट्कन बसली.

"आता?"

"आयलं... गेलं... हां, थांब, हलू नको! आयलं!"

पडद्यावर कोणाचीतरी हळद होती. अंगणात नाच चालला होता आणि कडेला डोक्यावर टीव्ही घेऊन एक हडकुळा तरुण उभा होता.

"ह्यो कोन रं काडीपैलवान?" काशीशेठनी पुढे येत विचारले.

"तू."

"माजं केस बग, दादूस!"

"बगून घे. आता हायत कटं?"

कॅसेट संपेपर्यंत ते दोघे एकाच सोफ्यावर बसले होते. शेवटी हिराजीशेठ उठले आणि त्यांनी कॅसेट मागितली. काशीशेठ यंत्रासमोर उकिडवे बसले, थोडी खुडबुड केली आणि म्हणाले, "दादूस, अडकली. जोर केला तं फीत तुटंल. उद्या यायला लागंल तुला."

मी शेजारीच उभा होतो. त्यांचे बोट कॅसेट काढायच्या बटणापासून चांगले वीतभर दूर होते. हिराजीशेठनाही ते दिसले असावे. त्यांची नजर अजून उत्तम आहे. ते यंत्राकडे पाहत राहिले.

"मशीनचा काय भरवसा नाय," ते गंभीरपणे म्हणाले. "बाकीच्या पन अडकतात का, एकेक लावून बगाया लागंल. उद्या पेटीच आनतंय."