सरांचे आठ ओहम

"ती पेटी बंद पडली तर तुम्ही फक्त दोन शब्द म्हणायचे," सरांची बायको म्हणाली. "'माझं चुकलं.' माझ्या बहिणीसमोर आणि तिच्या नवऱ्यासमोर. कबूल?"

"पेटी नाही, अँप्लिफायर," सर म्हणाले. "आणि कबूल. शनिवारी पाच वाजता घरातल्या चारही खोल्यांत एकदम गाणं लागेल. एक तास. मध्ये खंड पडला नाही तर तू म्हणायचंस."

"मी तर रोजच म्हणते," बायको म्हणाली आणि भाजी निवडू लागली.

ही पैज वाटते तेवढी साधी नव्हती. सरांनी बत्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं आणि सदतीस वर्षं संसार केला, पण हे दोन शब्द त्यांच्या तोंडून दोन्हीकडे कधी निघाले नव्हते. म्हणजे त्यांच्या हातून चुका होत नसत असं नाही. आगगाडी चुकली तर ती वेळेआधी सुटलेली असे, दूध उतू गेलं तर पातेलं लहान निघे. वर्गात तर त्यांचा नियमच होता: रीत चुकली की उत्तराला शून्य, मग उत्तर बरोबर का असेना. त्या नियमाखाली अर्ध्या गावाची प्रगतिपुस्तकं लाल झाली होती. सरांवर तो नियम लावायला कोणी उरलं नव्हतं, एवढंच.

अँप्लिफायर लेकीने पाठवला होता. जुना, दणकट, आणि इतका जड की तो दिवाणखान्यात ठेवताना सरांच्या कमरेत उसण भरली. त्याच्या पाठीवर बारीक अक्षरांत लिहिलं होतं: '८ ते १६ ओहम'. सरांनी बाजारातून जे चार स्पीकर आणले, त्या प्रत्येकाच्या पाठीवर होतं: '४ ओहम'. ओहम म्हणजे स्पीकर विजेला किती अडवतो त्याचं माप, हे त्यांनी माहितीपत्रकात वाचलं. त्यापुढची सात पानं त्यांनी वाचली नाहीत, कारण त्यांच्या मते प्रश्न तिथेच सुटला होता.

"डावीकडे दोन स्पीकर, उजवीकडे दोन," ते म्हणाले. "चार अधिक चार आठ. पहिलीतली बेरीज आहे ही."

"कोपऱ्यावरच्या दुकानात एकदा विचारा तरी. तो तुमचा विद्यार्थी करतो ना ही कामं?"

"कोण, भोपळा? त्याला विचारू मी?" सरांचा आवाज वर्गातल्यासारखा चढला. "अगं, दोन नळांनी टाकी भरायला निम्मा वेळ लागतो, तर त्याने दुप्पट लावला होता! एक नळ चार तास, दुसरा नळ चार तास, दोन्ही सोडले तर आठ तास! मी विचारलं त्याला, गाढवा, जास्त नळ सोडल्यावर टाकी लवकर भरेल की उशिरा? तर म्हणतो, सर, आमच्याकडे पाणी कमी दाबाने येतं."

त्या गणिताला मिळालेला भोपळा त्या मुलाला आयुष्यभर चिकटला. आता तो चाळिशीला आला होता, डोक्यावरचे केस गेले होते, रेडिओ-अँप्लिफायर दुरुस्त करण्यात पंचक्रोशीत त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. पण गिऱ्हाइकं दुकानाचा पत्ता सांगताना अजून 'भोपळ्याकडे' असंच सांगत.

गुरुवारी दुपारी सरांनी प्रत्येक बाजूच्या दोन्ही स्पीकरच्या लाल तारा पिळून एका खाचेत आणि काळ्या तारा पिळून दुसऱ्या खाचेत खोचल्या. बटण दाबलं. गाणं लागलं! दिवाणखान्यात, स्वयंपाकघरात, झोपायच्या खोलीत, गॅलरीत, सगळीकडे. सरांनी विजयी मुद्रेने आवाज थोडा वाढवला. आतून 'टक्' असा आवाज आला, तांबडा दिवा लागला आणि चारही खोल्यांत अळीमिळी गुपचिळी झाली.

"झालं?" स्वयंपाकघरातून बायकोने विचारलं.

"थांबलाय. दम खातोय."

पुढचे दोन तास अँप्लिफायर दम खातच राहिला. बटण दाबलं की गायचा, आवाज वाढवला की टक्. शिवाय तो असा तापला की बायकोने ओले मोजे आणून त्याच्यावर वाळत घातले. सरांनी मोजे काढून त्याला टेबलफॅन लावला. मग कपाळावर आठ्या घालून, कागद-पेन्सिल घेऊन बसले आणि तासाभराने त्यांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आठ हा तर अगदी काठावरचा आकडा! पस्तीस मार्कांवर पास झालेल्या मुलाची पुढच्या वर्गात जी गत होते, तीच इथे होत होती. उपाय सोपा होता. ओहम वाढवायचे. म्हणजेच स्पीकर वाढवायचे.

हा योग जुळून आला तो खालच्या मजल्यावरच्या दाताच्या डॉक्टरांमुळे. त्यांच्या दवाखान्यात रुग्ण जिथे बसतात तिथे भिंतीवर दोन स्पीकर होते, त्यांवर मंद संगीत चाले, आणि त्यामुळे आतल्या ड्रिलची घरघर बाहेर ऐकू येत नसे. त्यांचं गाणी वाजवायचं यंत्र त्याच आठवड्यात बिघडलं होतं. सर खाली गेले आणि त्यांनी आधी स्पीकरच्या पाठी पाहिल्या.

"चार ओहम! डॉक्टर, तुमचे स्पीकर मी माझ्या अँप्लिफायरला जोडतो, दोन्ही बाजूंना एकेक. गॅलरीतून तार सोडतो. तुम्हाला फुकट संगीत, मला चार ओहम. चार त्रिक बारा, थेट फर्स्ट क्लास."

डॉक्टरांना बारा कळले नाहीत, पण फुकट कळलं. शुक्रवारी संध्याकाळी तारा खाली गेल्या. अँप्लिफायर सुरू झाला, दवाखान्यात बासरी वाजू लागली, बाकावरचे तीन रुग्ण जरा सैलावले. चौथ्या मिनिटाला टक्! आणि त्या नीरव शांततेत आतून ड्रिल असं काही किंचाळलं की तिघांच्याही पाचावर धारण बसली. एकाची दाढ जागच्या जागी ठणकायची थांबली. दुसऱ्याला आठवलं की आपण घरी गॅस सुरू ठेवून आलोय. तिसरा काही न बोलताच गेला.

"सर, आधी तो आवाज वाढवेपर्यंत तरी गात होता म्हणालात," डॉक्टर जिन्यातून ओरडले. "आता चार मिनिटं? तुमचे ओहम वाढतायत की माझे पेशंट घटतायत?"

"तात्पुरती अडचण आहे!" सर वरून म्हणाले. पण रात्रभर त्यांना झोप लागली नाही. बारा ओहम असताना आठपेक्षा वाईट हाल, हे गणितात बसत नव्हतं; आणि जे गणितात बसत नाही त्याची सरांना खरोखर भीती वाटायची.

शनिवारी मेहुणी आणि साडू पाच वाजता यायचे ते साडेचारलाच आले. साडू म्हणजे उंटावरचा शहाणा. त्याने आल्याआल्या अँप्लिफायरला हात लावला आणि भाजला.

"सर, याला पाणी मारा," तो बोटं फुंकत म्हणाला.

"विजेच्या वस्तूला पाणी?"

"मग बर्फ ठेवा. वितळेपर्यंत तर बर्फच असतो ना."

पाच वाजले. बायकोने चहाचे कप मांडले, पदर सारखा केला आणि पहिल्या रांगेत बसावं तशी खुर्चीत बसली. सरांनी बटण दाबलं. सनई सुरू झाली. मेहुणी "अय्या!" म्हणाली. तिचा 'य्या' पुरा व्हायच्या आत टक् झालं, आणि खालून, गॅलरीतून, ड्रिलचा आवाज स्वच्छ वर आला.

दहा मिनिटांनी दार वाजलं. दारात डॉक्टर होते, तोंडावर मास्क, आणि त्यांनी कोपराला धरून आणलेला भोपळा.

"यांना बघू द्या," डॉक्टर म्हणाले. "माझ्या खुर्चीवर एक दाढ अर्धी राहिलीय." आणि आले तसे खाली पळाले.

भोपळ्याने चपला बाहेर काढल्या आणि अजून वर्गातच असल्यासारखा हात मागे बांधून उभा राहिला. "येऊ का सर आत?"

"ये," सर म्हणाले. "पण आधी सांगतो, जोडणीत काही चूक नाही. चार त्रिक बारा."

भोपळ्याने वाकून अँप्लिफायरची पाठ पाहिली. एका खाचेत तीन लाल तारांचा पीळ, दुसरीत तीन काळ्या तारांचा. तो बराच वेळ तसाच वाकून राहिला. त्याचे खांदे हलत होते.

"रडतोय का तो?" मेहुणीने हळूच विचारलं.

"सर," शेवटी भोपळा सरळ होऊन म्हणाला, "रागावणार नसाल तर एक विचारू? तुम्ही विजेला जायला तीन वाटा शेजारी शेजारी करून दिल्यात. वाटा जास्त केल्यावर वीज जास्त जाईल की कमी?"

"जास्त. अर्थात जास्त."

"म्हणजे तिला अडवणूक जास्त झाली की कमी?"

सरांनी तारांचा पीळ पाहिला आणि ते खुर्चीत बसले.

"हे..." सर म्हणाले, "हे नळाचं गणित आहे."

"तेच आहे सर. चार आणि चार शेजारी जोडले की आठ नाही होत, दोन होतात. तिसरा जोडला की दीडसुद्धा उरत नाही. जेवढे वाढवाल तेवढा बिचाऱ्यावर भार. मी तुमच्या टाकीचे आठ तास काढले होते ना, तसेच तुम्ही..." त्याने जीभ चावली. "मला ते गणित त्या भोपळ्यानंतर कधी विसरता आलं नाही सर. त्याच्यावरच तर माझं पोट चालतं."

मग त्याने तारा सोडल्या आणि एका स्पीकरच्या शेपटाला दुसऱ्याचं डोकं, दुसऱ्याच्या शेपटाला तिसऱ्याचं, अशी दोन्ही बाजूंना माळ लावली. "आता एकापाठोपाठ एक आले. आता झाले चार त्रिक बारा."

"बारा!" सर खुर्चीतून ताडकन उठले. "ऐकलंस ना? बारा! माझं उत्तर बरोबर होतं!"

मग सरांच्या बायकोने कप खाली ठेवला.

"आणि रीत?" ती म्हणाली.

सरांनी भोपळ्याकडे पाहिलं. भोपळ्याने छताकडे पाहिलं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, पण सरांचा पीळ भोपळ्याने आत्ताच पकडीने सरळ केला होता.

"रीत चुकली की उत्तराला..." बायकोने वाक्य अर्धं सोडलं.

"शून्य," सर पुटपुटले. त्यांनी चोरून बायकोकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर जिंकल्याचा भाव नव्हता, नुसती उत्सुकता होती, आणि त्या उत्सुकतेने सरांना एकदम लाजच वाटली. एवढ्याशा दोन शब्दांसाठी माणसाला इतकी वर्षं ताटकळत ठेवायचं?

"माझं चुकलं," ते म्हणाले.

"सर, एक मिनिट," भोपळा म्हणाला. त्याने आपल्या पिशवीतला माईक अँप्लिफायरमध्ये खोचून सरांच्या हातात दिला. "आवाज तपासायचाच आहे. यात बोला."

"माझं चुकलं," सर माईकमध्ये म्हणाले, आणि त्यांचे डोळे विस्फारले. काय तो आवाज! दिवाणखान्यात घुमला, स्वयंपाकघरातून परतला, गॅलरीत दुमदुमला. टक् नाही, खरखर नाही. "'च' ऐकलात? किती स्पष्ट! चुकलं! माझं चुकलं! सगळं माझंच चुकलं!" आनंदाच्या भरात त्यांनी ते खर्जात म्हणून पाहिलं, तार सप्तकात म्हणून पाहिलं. साडूने टाळ्या वाजवल्या. मेहुणीने डोळे पुसले.

खालून आधी खुर्ची पडल्याचा आवाज आला. मग जिन्यापाशी धावाधाव. साडूने गॅलरीतून डोकावून पाहिलं. दवाखान्यातून चार माणसं गाल धरून रस्त्याला लागली होती, आणि सर्वांत पुढे एकजण गळ्यातल्या निळ्या रुमालासकट, तोंडात कापूस तसाच ठेवून पळत होता.

दारात पुन्हा डॉक्टर उगवले. त्यांच्या हातात चिमटा होता.

"सर! मी दाढ उपटली आणि भिंतीतून आवाज आला, 'माझं चुकलं!' पेशंटला वाटलं मीच बोललो! चुकीची दाढ काढली म्हणून पळाला तो! आता सांगा त्यांना, डॉक्टरांचं चुकलं नाही, तुमचं चुकलं म्हणून. मोठ्याने सांगा, कोपऱ्यापर्यंत ऐकू गेलं पाहिजे!"

सरांनी आज्ञाधारकपणे माईक तोंडाशी धरला. बायको उठली, अँप्लिफायरपाशी गेली आणि तिने आवाजाचं बटण अगदी शेवटपर्यंत फिरवलं.

"हं," ती म्हणाली. "आता म्हणा."