गांधीबागेपुरती प्रॉक्सी

आमच्या ऑफिसातले देवतळे मे महिन्यातही पिशवीत स्वेटर आणतात. बाहेर अख्खं नागपूर भाजून निघत असतं, आणि विचारलं तर म्हणतात, "एसी जास्त थंड झाला तं? लागते कधी." त्याच पिशवीत छत्री, दोन टॉर्च आणि केव्हाच विकून टाकलेल्या मोबाइलचा चार्जर असतो.

प्रोग्रामही ते असेच लिहितात. गोदामात धूर झाला की इंटरनेटवरून मालकाला कळवणारी छोटी यंत्रं आम्ही बनवतो. नागपूरला लागून असलेल्या वाडी गावातल्या गोदामांत ती भिंतीभिंतीवर टांगलेली आहेत. यंदा त्यांच्यासाठी एक तातडीची दुरुस्ती होती, ती मेमरीत मावेना. जागा अडवली होती देवतळेंनीच जुन्या काळी लिहिलेल्या प्रॉक्सीच्या भागाने. काही ठिकाणी इंटरनेटवर थेट जाता येत नाही, मधल्या एका कॉम्प्युटरमार्फत जावं लागतं, ती प्रॉक्सी. असं गिऱ्हाईक आता एकच उरलं होतं, गांधीबागेतले कापडाचे ठोक व्यापारी मनोहरशेठ. नोकरांनी दुकानात क्रिकेट पाहत बसू नये म्हणून त्यांच्या मुलाने ती बसवून घेतली होती.

"तो भाग काढून टाकू या," मी म्हटलं.

देवतळे चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत. पाचव्या दिवशी उखडलेच, "काहून काढून राहिली वं? शेठचं यंत्र मुकं होईन ना!"

इतकं चिडायचं कारण मला कळेना. शेवटी मी म्हटलं, काढू नका, ऐच्छिक करा. प्रोग्राम तयार करतानाच ठरवायचं, प्रॉक्सी हवी की नको. वाडीसाठी नको. शेठचं यंत्र मोठ्या मेमरीचं, त्यांच्यासाठी हवी.

"म्हंजे राहीन तो भाग?"

"राहील."

दोन दिवसांत त्यांनी काम फत्ते केलं. वाडीतली सगळी यंत्रं इंटरनेटवरूनच एका दुपारीत दुरुस्त झाली आणि माझा जीव भांड्यात पडला.

शेठकडे मात्र स्वतः जायचा त्यांचा हट्ट. मीही स्कूटरवर मागे बसले. काम पाच मिनिटांत संपलं. मग शेठनी गादीवर सरकून जागा केली, घरचा डबा उघडला.

"जेवला का गा देवतळे? वाळला तू."

देवतळे मांडी घालून भाकर-पिठलं जेवले, हसले, दोनदा वाढून घेतलं. बायको गेल्यापासून ऑफिसात ते उभ्याउभ्या बिस्किटं खातात. मी रोज बघायचे आणि तीही त्यांची एक तऱ्हाच समजायचे. मला स्वतःची लाज वाटली.

निघताना शेठनी विचारलं, "पुढच्या वेळीबी येशीन ना?"

"यावंच लागते, शेठ. तुमचं वेगळं बनते. इथं येऊनच टाका लागते."

ऑफिसात बसून एक बटण दाबलं तरी ते काम होतं. देवतळेंनी चोरून माझ्याकडे पाहिलं.

"हो शेठ," मी म्हटलं, "त्यांनाच यावं लागतं."