मोकळ्या प्रथिनांचे सदूगुरुजी

आमच्या महाळुंगे पडवळच्या डेअरीवर दूध घालायला आलेल्या माणसाला गाठून सदूगुरुजी सांगतात, "भाऊ, माझ्या अंगात विस्कळीत प्रथिनं हायेत."

समोरचा किटली खाली ठेवतो. "आरारा! दवाखान्यात दावलं का?"

"हळहळलास? शब्द नापास!"

गुरुजी जीवशास्त्राचे निवृत्त शिक्षक. काही प्रथिनांना ठरलेली घडीच नसते. गरज पडेल तसा आकार ती घेतात. सगळ्यांच्याच अंगात असतात. त्यांना मराठीत काय म्हणायचं, एवढाच या माणसाचा ध्यास. 'अव्यवस्थित' म्हणून पाहिलं, तर एका मेंढपाळाने त्यांच्या सदऱ्याचं बटण लावून दिलं. नापास. 'रचनाहीन'वर तर "हीन कोणाला म्हणता राव?" म्हणून भांडणच जुंपलं.

मराठीतून विज्ञान हवं म्हणून मी पत्रकं काढतो, साहेबलोकांना जाब विचारतो. आणि याच प्रथिनांवरची, तपासायला दिलेली माझी पुस्तिका एका पेन्शनरने एका शब्दासाठी महिनाभर अडवावी? तावातावाने त्यांच्या घरी गेलो. "गुरुजी, बस्स झालं. 'विस्कळीत' छापतो."

"छाप की. आन् ते आमच्या मंडळींना वाचून दाव."

तेवढ्यात काकू बाहेर आल्या. उजवा हात पदराखाली, पण पदरच थरथरत होता. कंपवात. त्या आजाराच्या मुळाशी याच जातीचं एक प्रथिन असतं. डॉक्टर घाईत म्हणून गेले होते, "प्रथिन बिघडलेलं असतं." तेव्हापासून काकूंनी उंबरा ओलांडला नव्हता. दुसऱ्या दिवशी येडगावला भाचीची हळद, आणि यांचं एकच, "बिघडल्याली बाई शुभकार्याला कशाला?"

गुरुजींनी तेव्हाच सगळं सांगितलं; तोवर हे मला ठाऊकच नव्हतं.

गुरुजी त्यांच्यासमोर बसले. "आगं, मोकळं असतं ते. जन्मापासून. तुझ्यात, माझ्यात, ह्या पत्रकवाल्यात. मोकळं असणं दोष नाय. त्याच्या गुठळ्या व्हतात, तो आजार."

काकू धनगराघरच्या. म्हणाल्या, "घोंगडीवानी? पावसात खोळ, निजायला अंथरूण, कोकरू घेतलं की झोळी?"

"लई बराबर."

"मंग मी बिघडल्याली नाय?"

"नाय गं. कवाच नव्हतीस."

गुरुजी चष्मा पुसत बसले. मी पुस्तिकेच्या कागदावर 'विस्कळीत' खोडून 'मोकळी' लिहिलं.

काकूंनी फोन उचलला. कानाशी तो थरथरत होता. हात त्यांनी लपवला नाही.

"आक्का, उद्या येते गं मी. आन् कासाराला थांबवून ठिव. बांगड्या तिथंच भरते."